वाणातल्या हलक्या गोळ्या

धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण द्यायचं ते जाळीदार असावं, अनारसे नाहीतर बत्तासे, अशी आमच्याकडची रीत. माझ्या नवऱ्याने मागितल्या रायफलच्या गोळ्या, त्याही हलक्या. "गोळीनंही जाळीच पडते की," असं वर म्हणालेही. आई हसली. वडील हसले नाहीत.

वडील मूळचे विणकर. मागावरून उठले ते इतवारीत कापडाच्या दुकानात बसले. साहेब लोक देश सोडून जाताना एका साहेबाची रायफल त्यांनी विकत घेतली, परवाना काढला, आणि तेव्हापासून ते स्वतःला अर्धे साहेबच समजत. जड असेल तीच गोळी, बाकी सगळे फुटाणे, हे त्यांचं शास्त्र. माझे हे हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. हलकी गोळी जोरात सुटते, लांबवर सरळ जाते, आणि हरणाच्या जातीला तेवढी पुरते, असं ह्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

"चितळ काय गवा हाये, मामाजी, तोफ डागाले?"

"आन् वारा सुटला म्हंजे? तुमची गोळी जाईन उडत रामटेकले!"

पारशिवनीजवळ आमचं शेत होतं. शेतापलीकडच्या नाल्यावर चितळं पाण्याला यायची. वैशाखात शेतं उघडी, लपायला झुडूप नाही, तेव्हा गोळी लांबूनच घालावी लागे. म्हणून तर एवढा वाद.

त्यांना तो खेळ होता, माझा जीव टांगणीला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ह्यांचे एक काका सासुरवाडीवर रुसले ते पुन्हा तिकडे फिरकले नाहीत आणि काकूंनाही जाऊ दिलं नाही. ह्यांच्या घरात ही गोष्ट कौतुकाने सांगत! काकू तेव्हा खाली मान घालून भाजी निवडत असायच्या. मला तसं व्हायचं नव्हतं.

अधिकात जावयाला नाही म्हणता येत नाही. वडिलांनी तोंड वाकडं करून सीताबर्डीच्या दुकानातून डबा आणला. ह्यांनी एखादी गोळी मारून पाहू म्हटलं, तर आई आडवी आली. "वाणाची पयली गोळी शिकारीलेच लागली पाहिजे. उगाच उडवली तर वाण उष्टं होते जी!" मग अनारशांच्या ताटात तो डबा बसला, त्यावर हळदकुंकू पडलं आणि शेजारी तुपाची वाटी ठेवली गेली. विज्ञानाचे मास्तर हात जोडून उभे. तपासणी राहिलीच.

आम्ही सगळे शेतावरच्या घरी मुक्कामाला गेलो. संध्याकाळी नाल्यावर मोठ्या शिंगांचा नर आला. आई आणि मी खळ्यावरून पाहत होतो. जड गोळी लांब गेली की खाली येते, म्हणून वडील नेहमी नेम वर धरत. तेच त्यांनी जावयाला सांगितलं, "पाठीच्या वर धरा." रायफल सासऱ्यांची, म्हणून ह्यांनी ऐकलं. आयुष्यात एकदाच मामाजींचं ऐकलं, ते नेमकं तेव्हा. गोळी नराच्या पाठीवरून गेली. दार कोणी वाजवलं ते बघावं तसं त्याने आमच्याकडे बघितलं आणि पळाला.

"फुटाणा!" वडील ओरडले.

"तुम्हीच वर धराले सांगितलं!"

"वजन असतं तर आली असती खाली!"

शब्दाने शब्द वाढला. शेवटी हे म्हणाले, "सकाळच्या मोटारीनं आम्ही चाललो. पुन्हा ह्या घरी पाय ठेवणार नाही." वडील म्हणाले, "वाट कोणी अडवली?" आई रडायला लागली. दोघेही जेवले नाहीत.

सकाळी ह्यांनी पिशवी भरली, आणि माझं डोकं फिरलं. डबा उघडला, एक गोळी काढली आणि सगळ्यांदेखत तोंडात घातली.

"अवं पोरी, थुक ते! तोंडात फुटन!" आई किंचाळली.

मी गोळी काढून ह्यांच्या हातावर ठेवली. "झालं उष्टं. आता मारा त्या मडक्यावर. नेम मधोमध धरा. बाबा, तुम्ही बोलायचं नाही."

दूरच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, चुना फासलेलं मडकं ठेवलं. ह्यांनी मधोमध नेम धरला, मडक्याच्या खापऱ्या झाल्या. वडिलांनी रायफल ओढून घेतली, दुसरं मडकं ठेवायला लावलं आणि आपल्या सवयीने वर धरलं. मागे नुसती धूळ उडाली. मग त्यांनीही मधोमध धरलं आणि तेही मडकं गेलं. मग दोघांना चेवच चढला. पाण्याची, लोणच्याची, सगळी मडकी धुऱ्यावर गेली. मोटार कधीच निघून गेली होती, पण पिशवीची आठवण कोणालाच नव्हती.

त्याच संध्याकाळी ह्यांनी नर पाडला, एका गोळीत. वडिलांनी कौतुक केलं नाही, पण जेवताना दोघे एकाच चटईवर बसले.

निघायच्या वेळी वडील खांबाकडे बघत म्हणाले, "जावईबापू, त्यातल्या दोन-चार ठेवून जाता का?"

दिलेलं वाण परत मागतात म्हणून मी घाबरून ह्यांच्याकडे बघितलं.

"दोन-चार कशाले, मामाजी? डबाच राहू द्या इथं. मी येतच राहीन."

पाण्याचं निमित्त करून मी आत गेले आणि पोटभर रडले. इतकं हलकं मला लग्नानंतर पहिल्यांदाच वाटत होतं. मागून आई आली.

"काहून रडून राहिली वं?"

"तुझ्या मडक्यांसाठी," मी म्हणाले.