शमुवेलची चाळीस पावलं

तिसऱ्या तासाला शिपाई निरोप घेऊन वर्गाच्या दाराशी आला, तेव्हा मी खडू खाली ठेवला. आमचे ड्रिलमास्तर शमुवेल साळवी पहाटे झोपेतच गेले होते. त्याला आता दीड महिना झाला. वीस वर्षं एका स्टाफरूममध्ये काढलेला माझा हा मित्र... सहा फूट उंच, आणि स्वतःच्या चालीचा भलता अभिमान. खो-खोचं मैदान तो टेप न लावता पावलांनी आखायचा आणि वर म्हणायचा, "टेप चुकंल, मी न्हाय."

त्याच्या आईला, रूथबाईंना, म्हातारपणी एकच ध्यास होता. त्या लहान असतानाच त्यांची आई गेलेली. कबरीवरचा लाकडी क्रूस वाळवीनं कधीच खाल्ला होता. "मला माझ्या आईशेजारी ठेव," एवढंच त्यांचं मागणं. शमुवेलनं पाळकसाहेबांकडून दफनांची जुनी वही काढवली. आजीचं नाव सापडलं. पुढे लिहिलं होतं, विहिरीपासून पूर्वेस सरळ चाळीस पावलं. गडी तडक कबरस्तानातल्या विहिरीवर गेला, ताठ चाळीस पावलं टाकली आणि तिथे दगड रचून, चुना लावून मोकळा झाला. वर्षभर दर रविवारी तिथे शेवंतीची फुलं वाहत होता.

मग एकदा रूथबाईंना रिक्षातून तिथे नेलं. मीही बरोबर होतो. त्या बराच वेळ बसल्या आणि म्हणाल्या, "न्हाय रं शमू. आईजवळ बसलं की विहिरीत पडल्याली बादली ऐकू यायची. ह्ये लई लांब हाय."

"आई, चाळीस मोजल्यात की."

"तू मोजल्यास. तवा हितला माळी मोजायचा आन् पाळक लिव्हायचं. मी मोठी झाले तवा त्यो माळी माझ्या खांद्याला लागायचा."

शमुवेल चिडला. खुद्द त्याच्या पावलांवर शंका... मी गणिताचा मास्तर. म्हटलं, त्याच माळ्याच्या काळातली, नाव कोरलेली एखादी कबर शोधू. एक सापडली. वहीत ती विहिरीपासून चोवीस पावलांवर होती, शमुवेलची अठराच भरली. सरळ त्रैराशिक होतं. आजीसाठी त्याला तीसच पावलं हवी होती. तो विहिरीपासून पुन्हा निघाला आणि तिसाव्या पावलावर थांबला. रूथबाईंना तिथे बसवलं आणि मी विहिरीत बादली सोडली. त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

शेजारी जागा मोकळी होती. आजीसाठी शमुवेलनं शिरोलीच्या एका फौंड्रीतून बिडाचा क्रूस ओतवून आणला, आणि तीन वर्षांनी रूथबाई आपल्या आईशेजारी निजल्या. मला त्या दिवशी वाईट कमी आणि समाधानच जास्त वाटलं, हे कबूल करतो.

चुकीच्या जागेवरचा दगड मात्र त्यानं हलवला नाही. तिथे कोण आहे, हे वहीतही मिळालं नाही. "वर्षभर आजी म्हटलंय सर, आता वळख मोडू व्हय?" म्हणाला. तेव्हापासून फुलांचे दोन वाटे होऊ लागले.

दीड महिन्यापूर्वी शमुवेललाही आईच्या पायाशी ठेवलं. वहीत अजून पावलंच लिहितात. पाळकसाहेब म्हणाले, "सर, तुम्हीच मोजा." मी बुटका. त्याच्या तीस पावलांच्या वाटेला मला एकेचाळीस लागली. तो असता तर पोट धरून हसला असता... नोंदीखाली मी मुद्दाम लिहायला लावलं : पावलं गणिताच्या सरांची, आखूड.

मग हातातल्या शेवंतीचे दोन वाटे केले. एक त्याच्यापाशी ठेवला आणि दुसरा घेऊन पुढे त्या दगडाकडे चालत गेलो.