साहेबांची इर्जिक

केनवडच्या सरकारी हौदाला एका बड्या जमीनदारानं काटेरी कुंपण घातलं होतं. बाजाराला आलेले बैल जिभा काढून उभे. दौऱ्यावरचे साहेब मात्र लिंबाखाली खुर्चीत बसलेले! कुंपण बेकायदा आहे हे त्यांनी कबूल केलं आणि वर म्हणाले, "काय करू, आय अॅम हेल्पलेस!"

बाजारात चळवळीची पत्रकं वाटत फिरून माझी जीभ तिखट झालेली. मी ओरडलो, "लोकहो, हेल्पलेस म्हणजे लाचार! पण हा शब्द खुर्चीत बसलेलाच वापरतो. तहानलेल्या बैलाला तो कोणी लावत नाही!"

लोक हसले. कांदे विकणारी म्हातारी मात्र उठली. "हासून काय राह्यले रे? अडलेल्या मानसाच्या वावरात आपन इर्जिक करतो ना? मंग साहेबाचं काम बी करून देऊ!"

एखाद्याची पेरणी अडली की सारं गाव आपापले बैल घेऊन फुकट राबायला जातं, तसा सारा बाजार विळे-काठ्या घेऊन निघाला. घटकाभरात काटे बाजूला पडले आणि बैलांनी हौदात तोंडं घातली.

साहेब धावत आले. "कोणाच्या हुकमानं हे?"

"बसा ना साहेब, तुमी हेल्पलेस हाये," म्हातारी म्हणाली. "आमी हावो ना! पन इर्जिकीले जेवन घरधन्याचं अस्ते, बरं."

साऱ्या बाजारासमोर साहेबांनी खिशातून पाकीट काढलं. हौदावर पुन्हा काटा पडला नाही, आणि त्या संध्याकाळी साहेबांच्या खर्चानं आम्ही पोटभर गूळ-फुटाणे खाल्ले.