आईच्या पायांतून गेलेली जाण

माझी आई खाडीत तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायची. ओहोटी लागली की गावातल्या बायका टोपल्या घेऊन कंबरभर पाण्यात उतरत. त्या गढूळ पाण्यात काहीच दिसत नाही, म्हणून सगळं काम पायांनी चालतं. तळवा चिखलात हळूहळू फिरवायचा, शिंपलीची कड लागली की वाकून हाताने उपसायची. लहानपणी मी पाण्यात डोकावत उभी राहायचे तेव्हा ती हसायची. “डोळ्यांनी कित्याक बघतंस? पायान बघ गो.” तिला दगड, रिकामी शिंपली आणि जिवंत तिसरी, तिन्ही पायाला वेगवेगळ्या कळत. वडील लवकर गेले. आमचं घर तिच्या त्या पायांवर उभं राहिलं आणि त्यांच्याच जोरावर मी शिकून ओरोसला नोकरीला लागले.

तिला मधुमेह निघाला तेव्हा आम्ही दोघींनी ते फारसं मनावर घेतलं नाही. गोळ्या सुरू झाल्या. काही वर्षांनी डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी भागत नाही, इन्शुलिन घ्यावं लागेल. आईने साफ नकार दिला. शेजारची एक म्हातारी इंजेक्शनं सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत गेली होती. “सुई सुरू झाली काय माणूस संपलो,” ती म्हणायची. मी रागावले, रडले, अबोला धरला. ती बधली नाही. शेजारीण इंजेक्शनाने नव्हे, ते फार उशिरा सुरू केल्याने गेली असेल, हे तिला पटवणं मला जमलं नाही.

मग एका दुपारी ती खाडीवरून परतली तेव्हा मी सुट्टी घेऊन घरीच होते. तिने टोपली अंगणात उपडी केली. निम्मे दगड होते, बाकी चिखल भरलेल्या रिकाम्या शिंपल्या. “आज तिसरे गावाक नाय,” मिळाल्याच नाहीत असं सांगून ती खांबाला टेकून बसली. भरती-ओहोटीवर, वाळू उपसणाऱ्यांवर खापर फोडत राहिली. तिचा चेहरा मात्र घाबरलेला होता.

त्यानंतर पाय जळायला लागले. तळव्यांवर निखारे ठेवल्यासारखं वाटतं म्हणायची, चादरीचा स्पर्शही सोसवायचा नाही. तरीही खाडीत जाणं तिने सोडलं नाही.

एका रविवारी तिच्या पायाला घाण वास आला. मी पाय मांडीवर घेतला. अंगठ्याखाली कालवाच्या शिंपलीचा तुकडा रुतून बसला होता, भोवतीचं मांस काळं पडलेलं.

“आये, तुका दुखणा नाय?”

“माका काय कळाकच नाय,” ती म्हणाली. माझ्यासारखीच तीही त्या पायाकडे बघत राहिली.

तालुक्याच्या डॉक्टरांनी जखम साफ केली. मग तिला डोळे मिटायला सांगून एक जाड नायलॉनचा दोरा तळव्याला ठिकठिकाणी टेकवत विचारलं, “लागतंय?” आई प्रत्येक वेळी शाळेतल्या पोरीसारखी म्हणाली, “होय, लागतंय.” एकदा डॉक्टरांनी दोरा हवेतच धरला. तेव्हाही ती म्हणाली, “लागतंय.” डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि दोरा खाली ठेवला.

मग ते आम्हाला समजावून सांगू लागले. नसेच्या बारीक धाग्याभोवती मायलिन नावाचं स्निग्ध वेष्टण असतं, त्यामुळे निरोप मेंदूपर्यंत पटकन पोचतो. ते वेष्टण तयार करणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या पेशी वेगळ्या. इन्शुलिन फक्त साखर उतरवतं असं नाही, त्या पेशींनाही त्याचा आधार लागतो. तो आधार तुटला आणि वर साखरेचा मारा चालू राहिला, की वेष्टण विरत जातं, मग आतला धागाही मरतो. पायाच्या नसा सगळ्यांत लांब, म्हणून सुरुवात तिथून.

“लागणा नाय, तर जळता कित्याक?” आईने मला विचारलं. मी तो प्रश्न डॉक्टरांना सांगितला.

“बिघडलेली नस स्वतःहूनच खोटे निरोप पाठवते,” ते म्हणाले.

आई त्यांच्याकडे वळली. मग तिने थेट त्यांनाच विचारलं, “आता सुई घेतलंय तर पाय परत कळतलो?”

“आहे ते सांभाळता येईल, आजी,” डॉक्टर म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी उच्चारलं नाही, पण आईला ते समजलं.

त्या दिवसापासून तिने इन्शुलिन सुरू केलं. पोटाला चिमटा घेऊन स्वतःच सुई टोचते, एकही वेळ चुकवत नाही. पण जखम भरली नाही. आधी अंगठा काढला, मग गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात गुडघ्याखालून पाय. शुद्धीवर आल्यावर तिने नसलेल्या पायाची बोटं जळतात म्हणून सांगितलं. मी चादर सारखी केली.

आता ती पडवीत खुर्चीवर बसून असते. साखर ताब्यात आहे, डॉक्टर खूश असतात. दर शनिवारी मी ओरोसहून येते आणि उरलेला पाय उजेडात धरून टाच, बोटांच्या बेचक्या तपासते. परवा करंगळीच्या बाजूला फोड फुटलेला दिसला. कडा पांढऱ्या, आत ओल. बहुधा चपलेचा पट्टा घासला असावा.

“काय गावला काय?” तिने विचारलं.

“होय.”

“मोठी आसा जखम?”

“नाय,” मी म्हटलं.

तिने खाली वाकून पाहिलं नाही. समोरच्या माडांकडे बघत म्हणाली, “मगे सोमवारी डॉक्टराकडे जावक सकाळची एस्टी धरूया. तुझी रजा आसा मा?”