मानेची सवय

तीस वर्षं वेल्डिंग केलेल्या माणसाची मान त्याच्या ताब्यात राहत नाही. एका हातात होल्डर, दुसऱ्या हाताने लोखंड धरलेलं. हेल्मेट खाली पाडायला उरते ती मानच. एक हिसका, डोळ्यांवर काळी काच, मगच ठिणगी. आपल्या वेल्डरदादांची मान तर झोपेतही हिसके देई.

चष्म्याचा नंबर काढायला गेले आणि काचबिंदू निघाला. समोरचं लख्ख दिसत होतं. पण डोळ्यांचा दाब वाढलेला, डाव्या डोळ्याची कडेची नजर जराशी कुरतडलेली.

"गेलेली परत येत नाही, दादा. उरलेली राखायची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोज न चुकता थेंब घाला, नाहीतर आधी लेसर करून बघू. पाच मिनिटांचं काम."

"म्हणजे उजेडच ना?" दादांनी विचारलं. उघड्या डोळ्यांनी ठिणगी पाहिली की डोळ्यांत कशी वाळू सलते, ते त्यांनी भोगलं होतं.

"तसा भाजणारा नव्हे. डोळ्यातलं पाणी जिथून निचरतं, ती जाळी मोकळी करायची. फक्त हलायचं नाही."

हलायचं नाही! आता उजेडापेक्षा मानेचीच धास्ती. आठवडाभर सरावासाठी बायको समोर बॅटरी चमकवी आणि दादांची मान झपकन खाली.

"नंदीबैल बरा," ती म्हणाली. "तो निदान विचारल्यावर तरी हलवतो."

लेसरच्या दिवशी डावा डोळा बधिर केला, हनुवटी टेकवली, बुबुळावर भिंग ठेवलं. टक्! हिरवा लखलखाट, आणि मानेचा हिसका. भिंग निसटलं. पुन्हा तेच.

"नेम चुकला तर?" दादांनी विचारलं.

"म्हणूनच थांबले ना!"

राहू द्या, थेंबच घालतो, असं ओठांवर आलं. पण आपला विसरभोळा स्वभाव त्यांना पुरता ठाऊक होता. त्यांनी बायकोला आत बोलावलं.

"मागून डोकं दाबून धर."

"लग्नापासून तेच करतेय," ती म्हणाली. आणि दोन्ही तळव्यांनी डोकं पुढे रेटून धरलं.

टक्, टक्, टक्. मान दर वेळी तिच्या हातांशी झुंजत राहिली. तिने सोडली नाही.

तासाभराने दाब मोजला. वाढला नव्हता.

"उतरला का पण?"

"ते सहा आठवड्यांनी कळेल."

बाहेर पायरीवर दादांनी उजवा डोळा हाताने झाकला. बाजूने एक सायकल अचानक उगवल्यासारखी समोर आली.

"आधीही अशीच दिसायची का गं?"

"डोळा तुमचा, मला काय विचारता?" ती म्हणाली, आणि त्यांचा दंड घट्ट धरून पायरी उतरली.