आर्डिथबाईंची बोटं

गावातले ॲशचे वृक्ष किडीनं मरायला लागले, तेव्हा गावसमितीनं आर्डिथ केसलरबाईंना बोलावलं. दुसरं कुणाला बोलावणार? आमच्या ओहायोत जो तो स्वतःला झाडांतला शहाणा समजतो, आणि हिवाळ्यात पानं झडली की याच शहाण्यांची दातखीळ बसते. ॲश, बकआय, हॉर्सचेस्टनट, तिन्हींच्या काड्या समोरासमोर जोडीनं फुटतात. मेपलच्याही फुटतात, पण मेपल आम्हाला पाळण्यातूनच कळतो. नुसती जोडी बघून, ॲश समजून, एका दीडशहाण्यानं चर्चपुढचा धडधाकट बकआय आडवा केला होता.

बाईंनी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. मी त्याच बसमधलं कार्टं. थांब्यावर खिडकीतून डहाळी ओढून त्या विचारायच्या, "बोल लॉनी, काय हे?" चुकलो की, "गाढवा, कळी बघ, कळी!" डिंक फासल्यासारखी चिकट, ती हॉर्सचेस्टनटची. कोरडी, टोकदार, आणि काडी चुरगळली की घाण वास, तो बकआय. बुटकी, काजळी लागल्यासारखी काळपट, ती ॲशची. उन्हाळ्यात काय, शेंबडं पोरही सांगेल. बकआयच्या पंजात पाच पानं, हॉर्सचेस्टनटच्या बहुधा सात, आणि ॲशचं पान पिसासारखं, लांब देठाच्या दोन्ही अंगांना जोडीजोडीनं पानं.

मार्चमध्ये आम्ही निघालो. बाई झाड ओळखणार, ॲश असला तर मी त्यावर लाल पट्टा ओढणार, आणि पट्टेवाली झाडं, वाळक्या फांद्या कुणाच्या डोक्यात पडायच्या आधी, समिती कापणार. तिसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं, बाई झाडाकडे बघतच नाहीत. सगळं बोटांनी चाललंय.

"बाई, डोळ्यांना काही झालंय का?"

"झालंय ते तुझ्या तोंडाला. मिट ते."

मी मिटलं.

त्या शनिवारी अग्निशमन दलाच्या शेडमध्ये मेपलच्या पाकाची न्याहारी होती. दरवर्षी असते. धिरड्यांवर गरम पाक, आणि सगळं गाव कोपरापर्यंत चिकट. हात नीट न धुताच आम्ही शाळेच्या बसथांब्याजवळच्या झाडाशी गेलो. थंडी अशी की बोटं बधिर. बाईंनी फांदी वाकवली, कळी चाचपली.

"चिकट आहे. हॉर्सचेस्टनट. चल पुढे."

मी खोडाकडे बघितलं. सालीवर पत्त्यांतल्या चौकटीसारखी जाळी. अस्सल ॲश! चिकटपणा कळीचा नव्हता, बाईंच्या बोटांचा होता. मला लख्ख दिसत होतं, आणि मी मूग गिळून बसलो. ज्या बाईनं मला झाडं शिकवली, तिला मी काय सांगणार, तुमची बोटं खरकटी आहेत म्हणून? वाटलं, एक झाड राहिलं तर काय बिघडतं.

मे महिन्यातल्या एका रविवारी त्या झाडाची मांडीएवढी फांदी कडाकडा मोडली आणि थांब्यावरच्या बाकाचे दोन तुकडे झाले. शाळेचा दिवस नव्हता म्हणून वाचलो. बाई काठी टेकत आल्या.

"पान दे."

दिलं. त्यांची बोटं देठावरून सरकत गेली. एक जोडी, दुसरी, तिसरी, टोकाला एक. पंजा नव्हताच. त्यांचा चेहरा पार उतरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लॉनी, तुला तेव्हाच दिसलं होतं?"

"हो बाई."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमच्या मनाला लागेल म्हणून."

बाईंनी काठीनं मोडका बाक चाचपला. मग म्हणाल्या, "मला दिसत नाही हे मी दोन वर्षं लपवतेय. ते माझं पाप. पण तुला दिसत होतं रे, मेल्या. या बाकावर पोरं बसतात."

मी बाकाचे दोन्ही तुकडे रस्त्याकडेला ओढले.

त्यांनी त्याच दिवशी समितीला सगळं सांगून टाकलं, स्वतःचं तेवढंच, माझं नाव घेतलं नाही. ते मी स्वतः जाऊन सांगितलं. सोमवारी आम्ही पहिल्या झाडापासून पुन्हा सुरुवात केली. बाई कळी चाचपून नाव सांगायच्या, मी साल बघून हो किंवा नाही म्हणायचो. दुपारपर्यंत मी एकदा "नाही" म्हणालो. तेही पुटपुटत.

"मोठ्यानं बोल," बाई म्हणाल्या.