बाबांची पेशी

बाबांचं विसरणं वाढलं तेव्हा आईने सगळा दोष स्वतःच्या माथी घेतला. बाबा केळीच्या बागेत घसरून पडले होते आणि तिनेच हट्टाने त्यांचं शेतात जाणं बंद केलं होतं. "मीच त्यांले घरी बसोलं, म्हून त्यांचं डोकं गेलं," असं ती येईल त्याला सांगायची. येणारेही मान डोलवून चहा पिऊन जायचे. मला त्यांचा भारी राग यायचा.

माझी मुलगी पुण्यात मेंदूच्या पेशींचा अभ्यास करते. दिवाळीत बऱ्हाणपूरला आमच्या लालबागच्या घरी आली तेव्हा ती आजीला समजावत बसली. मेंदूत साफसफाई करणाऱ्या पेशी असतात. त्यांच्या अंगावर ट्रेम-टू नावाचा एक रिसेप्टर असतो; कचरा कुठे साचलाय हे त्यांना त्याच्यामुळे कळतं. तो जन्मतःच अधू असला तर सफाई नीट होत नाही आणि अशा आजाराचा धोका वाढतो. बाबांचं नेमकं हेच बिघडलंय का, ते तिलाही सांगता येईना. "पण आजी, हा आजार आत वर्षानुवर्षं मुरत असतो. तू त्यांना घरी बसवलंस त्याच्या कितीतरी आधी सुरू झाला असणार."

आईला काही ते पटलेलं नव्हतं.

बाबांनी मात्र त्यातला एकच शब्द उचलला, पेशी. आमच्या बऱ्हाणपुरात पेशी म्हणजे कोर्टाची तारीख, आणि बांधाच्या भांडणापायी बाबांनी उमेदीची वर्षं कोर्टात घालवलेली. ते आत गेले, टोपी घालून आले आणि नातीसमोर हात जोडून उभे राहिले.

"कोनाची पेशी आहे, साहेब?"

मला हसू आवरेना. पोरगी मात्र बेरकी. तिने आजीकडे हात केला. "ह्या बाईंची. तुमचं डोकं आपल्यामुळे बिघडलं, असं म्हणतात."

बाबांनी आईला नीट निरखलं.

"ह्या कोन, ते मले नाही माहीत," ते म्हणाले. "पन गलती यांची नाही. मले रोज हातानं जेवू घालता. लिहून घ्या."

आई पदरात तोंड लपवून रडली. मीही रडले. नातीच्या शास्त्राचे आणि आजोबांच्या साक्षीचे, दोन्हींचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

परवा मावशीने पुन्हा तोच विषय काढला. आई शांतपणे म्हणाली, "माही पेशी झाली, बाई. सुटली मी."