खुराड्याला लावलेलं कुलूप

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी, आरमोरीच्या आठवडी बाजाराच्या दिवशी, तालुक्यातल्या एका गावाच्या तलावावरून लाल रंगाची नवी सायकल गेली. सायकल मासे विकणाऱ्या एका बाईंची होती. पोलिसांत तक्रार झाली. सायकलचा विमा होता. विमा कंपनीने दावा नामंजूर केला.

मी तेव्हा आरमोरीत राहून वर्तमानपत्राला जिल्ह्याच्या बातम्या पाठवत असे. माझी खोली एका सायकल दुकानाच्या मागे होती. सायकल त्याच दुकानातून विकली गेली होती, म्हणून हे प्रकरण माझ्यापर्यंत आलं. छापण्यासारखी बातमी त्यात नव्हती. ती मी कधी पाठवलीही नाही.

दुकानदार साठीचे होते. वडिलांपासून सायकलींचाच धंदा. त्यांना सगळे चाचा म्हणत. महागड्या सायकलीबरोबर वर्षभराचा विमा देण्याची पद्धत त्यांनी अलीकडेच सुरू केली होती. त्यांचं बोलणं ठरलेलं असे: "सायकल चोरी गेली तरी टेन्शन घ्यायचं नाही, ताई. कंपनी देते." बाईंना विम्याचं आकर्षण नव्हतं. त्यांनी मागचं कॅरिअर दोन्ही हातांनी दाबून पाहिलं, टायरची जाडी पाहिली आणि सायकल घेतली. ओल्या माशांचा टोप कॅरिअरवर बांधून गावोगाव फिरायचं, तर सायकल दणकट हवी. विमा आणि तारेचं एक जाड कुलूप सायकलबरोबर आपोआप आलं.

त्या सायकलीवर बाईंचं बरंच काही अवलंबून होतं. गावातल्या मच्छीमारांची सोसायटी आहे. जाळ्यात जे येतं त्याचा वाटा प्रत्येकाला मिळतो. ज्याच्याकडे स्वतःची सायकल, तो आपला वाटा आजूबाजूच्या गावांत दारोदार विकतो. ज्याच्याकडे नाही, तो तलावाच्या पाळीवरच, म्हणजे बांधावरच, व्यापाऱ्याला देतो, आणि भाव व्यापारी सांगेल तो. बाईंनी कितीतरी वर्षं पाळीवरच मासे दिले होते. सायकल आल्यावर एकच हिवाळा त्या गावोगाव फिरल्या. चार-पाच गावांतली गिऱ्हाइकं बांधली गेली. आता वैशाखात तलावाचं पाणी उतरलं की मोठं जाळं पडणार होतं. वर्षातला सर्वांत जास्त मासा तेव्हाच निघतो. त्याच्या आत सायकल हाताशी हवी होती.

दाव्याच्या चौकशीला कंपनीचा माणूस चंद्रपूरहून मोटारसायकलवर आला. पाठीवर बॅग, डोक्याला रुमाल. चाचांनी मलाही सोबत नेलं. बाईंच्या अंगणात खाट टाकली होती. पाणी पिऊन त्याने दुकानाची पावती पाहिली, तक्रारीची प्रत पाहिली आणि चाव्या मागितल्या. बाईंनी दोन्ही चाव्या आणून दिल्या. तो खूश झाला.

"मॅडम, कुलूप तोडून नेली ना सायकल? तुटलेलं कुलूप आहे का?"

"तुटलं कायले? कुलूप चांगलं हाय."

"कुठे आहे?"

बाईंनी हनुवटीने अंगणाच्या कोपऱ्याकडे दाखवलं. तिथे कोंबड्यांचं खुराडं होतं. खुराड्याच्या फळीला आणि शेजारच्या खांबाला वेढा घालून सायकलचं तारेचं कुलूप लावलेलं होतं.

"हे इथे काय करतंय?"

"रानमांजर येते ना, भाऊ. दार ढकलते. आता नाई ढकलत."

चाचांनी कपाळावरून हात फिरवला. चौकशीवाल्याने खुराड्याचा फोटो काढला. एक कोंबडीही त्यात आली.

"मग चोरी झाली तेव्हा सायकलला कुलूप नव्हतं?"

"तलावावर कोनी कुलूप लावते काय? लोक काय म्हनतील?"

हे त्याला कळलं नाही. चाचांनाही नीट कळलं नाही. आठवड्याभराने चाचांच्या मोबाइलवर निरोप आला. मान्यताप्राप्त कुलूप लावलेलं नसल्यामुळे दावा नामंजूर.

चाचा खोलीवर आले ते तडकलेलेच. "मी त्या बाईला म्हटलं होतं, कुलूप तोडलं असं सांग म्हणून."

"मग?"

"मलाच विचारते, 'ते तं खुराड्याले हाय, चाचा. तोडू काय?' आता काय बोलू हिला!"

कंपनीकडे फेरविचाराचा अर्ज करता येत होता. तो मी लिहावा, असं चाचांचं म्हणणं पडलं. अर्जात एकच मुद्दा मांडता आला असता: तलावावर सायकलला कुलूप न लावणं हा निष्काळजीपणा नव्हे, तिथली रीत आहे. ती रीत नेमकी काय हे पाहायला मी आणि चाचा एका सकाळी स्कूटरवर तलावाकडे गेलो.

रीत साधी होती. जाळं ओढताना सगळे पाण्यात असतात. पहिला मासा निघाला की तो बाजारात लवकर पोचला पाहिजे, ऊन चढायच्या आत. म्हणून येताना सगळे आपापल्या सायकली पाळीवर एका रांगेत लावतात, बिनकुलपाच्या. ज्याचे हात मोकळे, तो रांगेतली पहिली सायकल घेतो, टोप बांधतो आणि निघतो. सायकल कोणाची, हे कोणी विचारत नाही. बाजारातून परत आल्यावर ती पुन्हा रांगेत लागते. मात्र हे बाजारापर्यंतच. आपला वाटा गावोगाव विकायला दुसऱ्याची सायकल कोणी नेत नाही. कुलूप लावणारा शेजाऱ्याला चोर म्हणतो, असा तिथे अर्थ होतो.

सोसायटीचे अध्यक्ष उंच, सडपातळ आणि सतत हसरे होते. जाळं सुकत घालून लोक करंजाच्या झाडाखाली बसले होते. मी अध्यक्षांना म्हणालो, अर्जात लिहायचं आहे, रांगेतली कोणती सायकल कोणाची ते सांगत चला.

"लिहा ना, भाऊ. ही माही. ही ह्या बुढ्याची, घंटी नाई, खोकला हाय. ही त्याच्या पोराची. ही ह्या वहिनीची." असं करत ते शेवटच्या सायकलीपाशी आले. जुनी काळी सायकल, सीटवर गोणपाट बांधलेलं. "आन ही..." ते थांबले. "ही तुही होय ना रे?"

ज्याला विचारलं तो म्हणाला, "माही कायची? मी माह्याच सायकलवर बसून तं राह्यलो."

"मंग बुढ्याची असन."

"माही एकदा सांगितली ना तुनं. दोन कुठून आनू?"

सगळे उठून त्या सायकलीभोवती जमले. प्रत्येकाने ती दुसऱ्याची समजली होती. प्रत्येकाने ती बाजारात नेली होती. एकाने तिची चेन बदलली होती आणि खर्च कोणाकडे मागायचा म्हणून गप्प बसला होता. सायकल हरवलेल्या बाई मागे उभ्या होत्या. त्यांनी तोंडावर पदर धरला.

"अवो बाई, मागच्या बाजारी मी हिच्यावरच तं गेली होती!"

"आपली सायकल गेली म्हनून रडे, आन दुसऱ्याची दामटे," म्हातारा म्हणाला.

"तुमी नाई दामटली?"

"मी कुठी रडलो?"

अध्यक्ष कॅरिअरपाशी वाकले. टोप बांधायला तिथे सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या होत्या. या गावात टोप जाळ्याच्या दोरीने बांधतात. "ट्यूबनं बांधनं नदीपलीकडचं हाय," ते म्हणाले. "ब्रह्मपुरीकडले लोक बांधतेत असं." नदीपलीकडची माणसंही मासे घेऊन आरमोरीच्याच बाजारात येतात आणि मासळीच्या ओळीमागे, एकाच भिंतीला, सायकली टेकवतात.

सायकल गेली त्या बाजाराच्या दिवशी पहिला मासा कोणी नेला होता, असं मी विचारलं. मग म्हाताऱ्याने जीभ चावली. त्या दिवशी त्याचे जावई पाहुणे आले होते. जाळं ओढायला हात लावला आणि हौसेने टोपही त्यांनीच नेला होता. म्हाताऱ्याने तिथेच फोन लावला. स्पीकर सुरू होता.

"जावईबुवा, त्या बाजारी तुमी सायकल कोनची नेली होती?"

"पहिली होती थे, मामाजी. लाल."

"आन आनली कोनची?"

"मामाजी, सायकल तं आनली ना मी."

"हो, पन कोनची?"

"भिंतीले लाल नव्हती. मले वाटलं आपल्यातल्याच कोनी नेली असन. मंग जे होती थे आनली. तुमच्यात असंच चालते म्हने ना!"

करंजाखाली जो हशा झाला तो जावयांना ऐकू गेला. त्यांनी फोन ठेवला. जावई संध्याकाळीच आपल्या गावी परतले होते. बाईंची सायकल दिसत नाही, हे दुसऱ्या दिवशी लक्षात आलं होतं. पाळीवर तिच्या जागी दुसरीच सायकल आहे, हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं, कारण तिथे कोणी सायकली आपल्या-परक्या करून पाहतच नाही.

त्याच सकाळी आम्ही नदीपलीकडे निघालो. बाई काळ्या सायकलवर पुढे, चाचा आणि मी स्कूटरवर मागे. वैनगंगेच्या पुलावर चाचांनी स्कूटर बाईंच्या बरोबरीला आणली.

"ताई, मिळाली तर कुलूप लावशील ना?"

"आधी मिळू द्या, चाचा. आतापासून काऊन भांडता?"

पलीकडे दोन गावांत विचारलं. पहिल्या गावात लाल सायकल कोणी पाहिली नव्हती. दुसऱ्या गावाच्या तलावावर ती पाळीवर उभी होती, रांगेत तिसरी. कॅरिअरला ट्यूबच्या पट्ट्या होत्या. बाईंनी सीटवर हात ठेवला.

तिथली एक बाई जाळं विणता विणता म्हणाली, "तुमची होय ही? आमाले वाटलं, अध्यक्षाच्या सुनेनं माहेराहून आनली."

तिथल्या अध्यक्षांची सून शेजारीच होती. "माह्या माहेरचे सायकल देतेत काय? त्याईनं मले भांडे देले, थेही मोजून."

काळ्या सायकलीचा मालक बोलावून आणला. पन्नाशीचा माणूस, पायांना चिखल. त्याने आपली सायकल ओळखली. हरवली म्हणून त्याने कुठेही तक्रार केली नव्हती. हरवली हे त्याला माहीतच नव्हतं.

"इतके दिवस सायकल दिसत नव्हती तर?" चाचांनी विचारलं.

"पाहून कोन राह्यलं, भाऊ? पाळीवरून रोज कोनची ना कोनची नेतो मी. पाय तं थकले नाई." मग त्याने चेन पाहिली. "अरे, नवी चेन!"

लाल सायकलचं त्यांनी एकदा पंक्चर काढलं होतं आणि कॅरिअरखाली एक जादा पट्टी ठोकली होती. चेन आणि पट्टी, दोन्ही सारखंच झालं असं तिथल्या तिथे ठरलं. चहा झाला. ट्यूबच्या पट्ट्या सोडून देऊ का, असं त्यांनी विचारलं. बाईंनी पट्टी ओढून पाहिली आणि राहू द्या म्हणाल्या.

परतताना बाई लाल सायकलवर इतक्या पुढे निघून गेल्या की पुलावर आम्हाला दिसल्या नाहीत.

आरमोरीच्या ठाण्यात सायकल मिळाल्याची नोंद करायला मी त्यांच्याबरोबर गेलो. हवालदाराने सगळं ऐकून घेतलं.

"मग चोर कोण?"

"चोर कोनीच नाई, साहेब."

"नेली कोणी?"

"आमच्या जावयानं. आन मंग तिकडल्यायनं."

"त्यांना माहीत होतं दुसऱ्याची आहे?"

"दुसऱ्याची हाय हे सगळ्यायलेच माहीत असते ना, साहेब. आपली कोन नेते?"

हवालदाराने लिहिणं थांबवून चहा मागवला. नंतर 'सायकल मिळून आली, तक्रार नाही' एवढंच लिहिलं आणि बाईंची सही घेतली.

चाचांनी विमा कंपनीला फोन करून दावा मागे घेतो म्हणून सांगितलं. चौकशीला आलेला माणूसच फोनवर होता. नामंजूर झालेला दावा मागे घेता येत नाही, असं त्याने सांगितलं. सायकल कुठे मिळाली ते त्याने विचारलं. चाचांनी सगळं सांगितलं. तो बराच वेळ हसत होता, असं चाचा म्हणाले. "आणि कोंबड्या ठीक आहेत ना, असं विचारत होता."

फेरविचाराचा अर्ज लिहावा लागला नाही.

सोसायटीच्या पुढच्या बैठकीला अध्यक्षांनी चाचांना बोलावलं. चाचांनी कुलपाबद्दल सांगितलं. लोकांनी ऐकलं, चहा दिला आणि वेगळंच ठरवलं: पाहुण्याने पहिला टोप न्यायचा असेल तर सोबत गावातला एक माणूस जाईल. म्हाताऱ्याने याला हात वर केला, तेव्हा पुन्हा सगळे हसले. चाचा परतताना म्हणाले, "माझं कुणी ऐकलं नाही, पण बोलावलं ना." त्यांनी दुकानातलं ठरलेलं बोलणं मात्र बदललं. आता ते गिऱ्हाइकाला आधी विचारतात, सायकल ठेवणार कुठे.

वैशाखात पाणी उतरलं आणि मोठं जाळं पडलं. मी त्या सकाळी तलावावर होतो. रोहू आणि कतला मोठे निघाले, मरळही बरी होती. व्यापारी आपली गाडी घेऊन पाळीवर आला होता. वाटे पडल्यावर बाईंनी आपला वाटा टोपात भरला, वर ओलं गोणपाट टाकलं, टोप लाल सायकलवर ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधला आणि त्या पहिल्या गावाच्या रस्त्याला लागल्या. दुपारच्या आत त्या रिकामा टोप घेऊन परत आल्या आणि सायकल पाळीवर रांगेत लावली.

परत येताना मी त्यांच्या घरावरून गेलो. कुलूप खुराड्याला लावलेलं होतं.